पुढील आसनावरील बालक : एअरबॅगच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

१

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मुकुंदवाडी लागते. एकेकाळचे हे खेडेगाव. शेजारी सिडकोची वसाहत उभी राहिली, चिकलठाण्याच्या बाजूस कारखाने आले, आणि गाव शहरात सामावले गेले. याच रस्त्याने पुढे गेले असता शेंद्र्याची औद्योगिक वसाहत येते. तेथे २००१ साली स्कोडा कंपनीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. मोटारी निर्माण करणारा आणि मोटारी वापरणारा असा दोन्ही प्रकारचा समाज या रस्त्याच्या काठी वसला आहे. सायंकाळच्या वेळी येथील चौकात काही काळ उभे राहिले तर लहान मुलांच्या प्रवासाचे सर्व प्रकार दृष्टीस पडतात. कोणी दुचाकीवर वडिलांच्या पुढे उभे असते, कोणी रिक्षात आजीला बिलगलेले असते, आणि कोणी मोटारीत पुढील आसनावर आईच्या मांडीवर बसून समोरच्या काचेतून रस्त्याची गंमत पाहत असते.

यांपैकी शेवटचे मूल सर्वांत सुरक्षित आहे अशी आपली सहज समजूत असते. भोवती पोलादी सांगाडा आहे, आईचे हात आहेत आणि समोर प्राणरक्षणासाठीच बसविलेली एअरबॅग आहे. ही समजूत सर्वस्वी खरी नाही. उलट आईच्या मांडीवरील ते स्थान त्या मोटारीतील सर्वांत धोक्याच्या स्थानांपैकी एक होय. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईतील वाशी येथे एका अपघातात पुढील आसनावर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅगच्या आघाताने मृत्यू झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मोटारीतील इतरांस किरकोळ दुखापतीच झाल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात पुढील आसनावर आईच्या मांडीवर असलेली दोन वर्षांची मुलगी अशाच रीतीने दगावली होती.

प्राण वाचविण्याचे साधन बालकाच्या जिवावर का उठते, या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर अभियंते देतील. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे. हा धोका जगाला केव्हा कळला, कळल्यानंतर किती काळ तो बाजूस ठेवला गेला, आणि आपल्या देशात ते साधन आले तेव्हा त्याबरोबर ते ज्ञानही आले काय? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

२

एअरबॅगच्या जन्मकथेतच एक बालक आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९५२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन हेट्रिक नावाचे एक गृहस्थ पत्नी व लहान मुलीसह मोटारीतून फिरावयास निघाले होते. त्या काळच्या मोटारींत पुढचे आसन बाकासारखे सलग असे, आणि मुलीची जागा आईवडिलांच्या मध्ये पुढेच होती. रस्त्यात अकस्मात आलेला एक दगड चुकविण्यासाठी हेट्रिक यांनी मोटार वळविली व जोराने थांबविली. त्या क्षणी पतिपत्नी दोघांचेही हात मुलीला सावरण्यासाठी आपोआप पुढे गेले. ती मुलगी कशावर आदळू नये म्हणून ऐनवेळी मध्ये येईल असे काही साधन निर्माण करता येणार नाही काय, हा विचार त्या प्रसंगातून त्यांच्या मनात आला. ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांना या कल्पनेचे एकस्व मिळाले. जर्मनीतील वॉल्टर लिंडरर यांनीही याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच साधनाचे एकस्व मिळविले. दोन्ही योजनांत दाबाखाली साठविलेली हवा पिशवीत सोडावयाची होती. ती पुरेशा वेगाने भरत नसल्यामुळे योजना पुष्कळ वर्षे कागदावरच राहिल्या.

वेगाचा हा प्रश्न पुढे रासायनिक मार्गाने सुटला. आघाताची जाणीव होताच एक लहानसा स्फोट घडवून वायू निर्माण करावयाचा आणि पिशवी भरावयाची, अशी रीत रूढ झाली. या कामी प्रारंभी बहुधा सोडियम अझाइड हा पदार्थ वापरीत व त्यापासून नायट्रोजन मिळे. पिशवी साधारणतः ३० ते ५० सहस्रांश सेकंदांत भरते. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. एवढ्या अल्प काळात भरावयाची असल्याने तिचा पुढचा पृष्ठभाग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येऊ शकतो. प्रवासी दूर असेल आणि तो पिशवीपर्यंत पोहोचण्यापूर्वी ती पूर्ण भरलेली असेल, तर ती उशीप्रमाणे त्याला झेलते. तो जवळ असेल, तर भरत असतानाच ती त्याच्यावर येऊन आदळते. एकच वस्तू अंतराच्या फरकाने रक्षक किंवा घातक ठरते. पुढील विवेचन समजण्यास यंत्रविज्ञानाची एवढी माहिती पुरे आहे.

३

अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीने १९७३ पासून काही हजार मोटारींत एअरबॅगा बसवून विकल्या. परंतु ग्राहकांचा प्रतिसाद अल्प असल्याने १९७६ नंतर तो प्रयोग थांबला. युरोपात मर्सिडीझ कंपनीने १९८० च्या सुमारास आपल्या मोठ्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग आणली. या साधनाचा प्रसार खऱ्या अर्थाने अमेरिकेतील कायद्यामुळे झाला, आणि कायद्याने जे माप ठरविले तेच आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

त्या वेळच्या अमेरिकन मानकाची कसोटी अशी होती : सुमारे ७८ किलो वजनाचा, सरासरी प्रौढ पुरुषाच्या आकाराचा पुतळा पट्टा न बांधता आसनावर बसवावयाचा, मोटार ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळावयाची, आणि पुतळ्यास होणारा आघात ठराविक मर्यादेत राहिला पाहिजे. पट्टा न बांधलेला पुतळा घेण्यास कारणही होते. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेत पट्टा वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. जे लोक पट्टा बांधणारच नाहीत त्यांना वाचवावयाचे असेल, तर पिशवी अधिक मोठी, अधिक वेगवान आणि अधिक जोरकस असणे भाग होते. अशा रीतीने हेट्रिक यांच्या मुलीसाठी सुचलेले साधन कायद्याच्या कसोटीत उतरले ते पट्टा न बांधणाऱ्या प्रौढ पुरुषाच्या मापाने. त्या कसोटीत बालकाच्या देहाला स्थान नव्हते.

हा धोका तेव्हा कोणास माहीत नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. स्वीडनमधील बर्टिल ऑल्डमन हे मूळचे वैद्यक शास्त्राचे पदवीधर, पुढे गोथेनबर्ग येथील चाल्मर्स संस्थेत अपघात-संशोधनाचे प्राध्यापक झाले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषयच मुळी उभ्या असलेल्या बालकावर एअरबॅगच्या फुगण्याचा काय परिणाम होईल, हा होता. भूल दिलेल्या डुकरांवर केलेल्या या प्रयोगांतून असे दिसले, की फुगत्या पिशवीच्या अगदी जवळ असलेल्या लहान देहास प्राणघातक इजा होऊ शकते. अमेरिकेत पुढील आसनासाठीही एअरबॅग सक्तीची करणारा कायदा १९९१ साली झाला. म्हणजे इशारा आणि सक्ती यांत १७ वर्षांचे अंतर होते. इशारा उपलब्ध होता. परंतु ज्या मापाने साधनाची परीक्षा व्हावयाची ते माप त्याने बदलले नाही.

४

याच काळात बालकांच्या सुरक्षेचा दुसरा प्रवाह स्वतंत्रपणे वाहत होता. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत मुलांसाठी जी आसने विकली जात ती मूल उंच बसावे, त्यास बाहेरचे दिसावे व त्याने चालकास त्रास देऊ नये एवढ्याचसाठी असत. संरक्षणाच्या हेतूने आसने तयार होऊ लागली ती १९६० नंतर. येथेही ऑल्डमन यांचेच नाव प्रथम घ्यावे लागते. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठ टेकून झोपलेल्या स्थितीत असतात व त्यामुळे तो प्रचंड दाब त्यांच्या सबंध पाठीवर विभागला जातो, हे पाहून त्यांना मागे तोंड करून बसावयाच्या बालआसनाची कल्पना सुचली आणि १९६४ साली त्यांनी तिची परीक्षा केली. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते व मान अत्यंत कोवळी असते. मोटार समोरून आदळली असता पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचा सर्व भार मानेवर येतो. मागे तोंड असल्यास तो पाठ, मान व डोके यांवर समप्रमाणात पडतो. ही मीमांसा आजही सर्वमान्य आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७८ च्या प्रारंभापासून अशी आसने कायद्याने आवश्यक केली, आणि १९८१ पासून संयुक्त राष्ट्रांचा ४४ क्रमांकाचा नियम युरोपात त्यांचे मानक ठरला.

एअरबॅग आणि बालआसन हे दोन्ही प्रवाह १९९० नंतर एकाच आसनावर येऊन भिडले. बाळ नजरेसमोर असावे म्हणून अनेक आईबाप मागे तोंड असलेले आसन पुढेच ठेवीत. अशा आसनाची पाठ समोरच्या फळीला जवळजवळ टेकलेली असते, आणि एअरबॅग बाहेर येते ती त्याच फळीतून. ती सर्व शक्तीनिशी आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे, आदळते. दोन उपाय आपापल्या जागी योग्य असून एकत्र आल्यावर प्राणघातक ठरले. १९९३ पासून अमेरिकेत बालमृत्यूंची नोंद होऊ लागली. १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या अपघातांत केवळ एअरबॅगच्या फुगण्यामुळे २९० हून अधिक मृत्यू झाल्याचा तेथील शासकीय यंत्रणेचा अंदाज आहे. मृतांत प्रवाशांचा भरणा अधिक होता, व त्या प्रवाशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले व अर्भके होती. त्यांतील बहुतेक एकतर पट्ट्याविना होती किंवा मागे तोंड असलेल्या आसनात पुढे बसविलेली होती.

याची दुसरी बाजूही सांगणे न्याय्य होईल. त्याच यंत्रणेच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात समोरच्या एअरबॅगांनी अमेरिकेत ५०,००० हून अधिक लोकांचे प्राण वाचविले. यास्तव साधनच टाकाऊ ठरविण्याचा प्रश्न तेव्हाही नव्हता व आजही नाही. प्रश्न होता माप बदलण्याचा. तो त्या देशाने तीन प्रकारे सोडविला. १९९६ साली ठळक इशाऱ्याचे फलक सक्तीचे झाले आणि मुलांना मागे बसविण्याची मोठी मोहीम सुरू झाली. १९९७ साली कमी जोराच्या पिशव्यांना परवानगी मिळाली व पाठोपाठ एअरबॅग बंद करण्याची कळ बसविण्याची मुभा आली. २००० साली नवा नियम होऊन अर्भक व बालके यांच्या आकाराचे पुतळे परीक्षेत आले, आणि आसनावर कोण बसले आहे हे ओळखणारी यंत्रणा २००३ ते २००६ या काळात क्रमाने सर्व मोटारींत आली. १९९८ पूर्वीच्या मोटारी सोडल्या तर असे मृत्यू पुढे अत्यल्प झाले. स्वीडनमध्ये मागे तोंड असलेले आसन पुढे ठेवण्याची जुनी प्रथा होती. तेथे त्या जागेची एअरबॅग बंद करणे हा शिस्तीचा भाग बनला. बालकाचा देह मापात घेतल्याबरोबर प्रश्न बहुतांशी सुटला, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.

५

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पुढील आसनावरील सहप्रवाशासाठी ती १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्यांच्या मोटारींना आणि ३१ डिसेंबर २०२१ पासून आधीच विक्रीस असलेल्या नमुन्यांनाही लागू झाली. म्हणजे २०२२ पासून अगदी स्वस्तातील नव्या मोटारीतही पुढील आसनासमोर एअरबॅग आहे. बालकांविषयीचा कायदा याच्या थोडा आधी आला. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली जी दुरुस्ती झाली तिच्यातील कलम १९४ ब नुसार चौदा वर्षांखालील बालक सुरक्षा-पट्ट्याने ‘किंवा’ बालसुरक्षा व्यवस्थेने जखडलेले नसेल, तर वाहन चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंड सांगितला आहे.

या कलमातील ‘किंवा’ या अव्ययाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे. बारा वर्षांच्या मुलास पट्टा पुरतो. एक वर्षाच्या बाळास तो मुळी बांधताच येत नाही, आणि चार वर्षांच्या मुलास बांधला तर तो खांद्याऐवजी गळ्यावर व कमरेऐवजी पोटावर येतो. चौदा वर्षांखालील सर्व वयांस एकाच वाक्यात गोवल्यामुळे वय आणि उंची यांचे माप कलमात उतरले नाही. शिवाय मूल पुढे बसावे की मागे, याविषयीही कलम मौन पाळते. दोन वर्षांच्या अंतराने दोन तरतुदी झाल्या. एकीने पुढील आसनासमोर एअरबॅग अनिवार्य केली. दुसरीने त्या आसनावरील बालकाचा प्रश्न पालकांच्या विवेकावर सोडला. अमेरिकेत १९९० नंतर जो संयोग अनर्थकारक ठरला, तोच येथे त्या अनुभवाची नोंद उपलब्ध असताना घडून आला.

वयाचे माप आपल्या नियमांत अगदीच नाही असे नाही. फेब्रुवारी २०२२ मधील अधिसूचनेने चार वर्षांखालील मुलास दुचाकीवरून नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलास शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा सांगितली. फेब्रुवारी २०२३ पासून हा नियम लागू आहे. मुकुंदवाडीसारख्या वस्तीत बहुसंख्य मुले दुचाकीवरूनच जातात. त्यामुळे या नियमाचे महत्त्व मोटारीविषयीच्या नियमाहून कमी नाही. मोटारींच्या बाबतीत वयाचे माप आले ते कायद्यातून न येता परीक्षेतून आले. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या कसोटीत दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या बालकांचे पुतळे योग्य आसनात बसवून मोटार आदळली जाते, आणि बालसुरक्षेस ४९ पैकी गुण दिले जातात. पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक या मोटारीस ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपकडून बालसुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. अशी मोटार आपल्याकडे तयार होऊ शकते, हे यावरून सिद्ध होते. परंतु हे तारे मिळतात ते मूल बालआसनात नीट बांधलेले आहे असे गृहीत धरून. आईच्या मांडीवरील मुलासाठी कोणतीही कसोटी नाही आणि कोणताही तारा नाही.

केरळातील घटनेनंतर तेथील परिवहन आयुक्तांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये बालआसने आवश्यक करण्याची घोषणा केली. परंतु थोड्याच दिवसांत त्या राज्याच्या मंत्र्यांनी सक्ती केली जाणार नाही असे जाहीर केले. लोकांचा आक्षेप खर्चाचा व गैरसोयीचा होता, आणि तो निराधार म्हणता येणार नाही. ही घटना येथे नमूद करण्याचे कारण एवढेच, की आपल्याकडे दुर्घटनेनंतर जागृत झालेले लक्ष किती लवकर ओसरते याचे ती ताजे उदाहरण आहे.

६

मराठी समाजात मोटारीच्या पुढील आसनास एक मान आहे. तेथे घरातील वडीलधारे बसतात, पाहुणा बसतो, आणि नव्याने आई झालेली सून बाळाला घेऊन बसते. तिला मागे दाटीत बसविणे कोणास प्रशस्त वाटत नाही. मांडी हेच आपल्याकडील बाळाचे परंपरागत आसन होय. बैलगाडीच्या वेगाला ते पुरेसे होते. मोटारीच्या वेगाला ते का पुरत नाही, याचे गणित सोपे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचे मूल सुमारे १४० किलो वजनाइतक्या जोराने पुढे फेकले जाते. एवढा भार अकस्मात पेलणारे हात कोणत्याही आईचे नसतात. पुढे आसनावर ते मूल सरळ उघडत्या पिशवीवर जाते, आणि मागून आईच्या देहाचा भारही त्याच्यावर येतो. हेट्रिक पतिपत्नींनी १९५२ साली जो हात पुढे केला तो प्रेमाचा होता. तो पुरेसा नाही हे ओळखूनच त्यांनी यंत्राचा विचार केला, हे येथे आठवण्याजोगे आहे.

मुलाला मागे बसविले म्हणजे काम संपले, अशीही समजूत होण्याचा संभव आहे. तिच्यावर महाराष्ट्राशी संबंधित दोन घटना पुरेसा प्रकाश टाकतात. ३ जून २०१४ रोजी मराठवाड्याचे नेते व तत्कालीन केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा दिल्लीत अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मागील आसनावर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्युमुखी पडले, तेही मागेच बसलेले होते. दोन्ही वेळी मागील आसनावर पट्टा बांधलेला नसल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मागील आसन बालकास एअरबॅगपासून वाचविते; आघातापासून वाचविण्यास पट्टा अथवा वयानुरूप आसन हवेच. योग्य बालआसनाने बालमृत्यूचा धोका निदान ६० टक्क्यांनी घटतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

या सर्व विवेचनातून आचरणात आणावयाच्या गोष्टी थोड्याच निघतात. तेरा वर्षांखालील मुलाने मागेच बसावे. तान्ह्या बाळाचे आसन मागे तोंड केलेले असावे, आणि चालू एअरबॅगसमोर ते कधीही ठेवू नये. नाइलाजाने पुढे ठेवावेच लागले तर एअरबॅग बंद करण्याची कळ मोटारीत आहे की नाही हे आधी पाहावे, आणि ती नसल्यास पुढे ठेवू नये. बालआसन घेण्याची ऐपत नसेल त्या कुटुंबानेही मुलाला पुढून मागे नेण्यास काहीच खर्च येत नाही.

ज्ञानाच्या प्रसाराचा प्रश्न मात्र खर्चाचा नसून भाषेचा आहे. अमेरिकेत हे ज्ञान मोहिमेच्या रूपाने घरोघर गेले. आपल्याकडे ते समोरील झडपेवर चिकटविलेल्या, बहुधा इंग्रजीतील, एका लहानशा चिठ्ठीच्या रूपाने आले. २०२१ नंतर विकलेल्या मोटारी आता दुसऱ्या व तिसऱ्या मालकाच्या हाती जात आहेत. अनेकदा त्यांच्यासोबत माहितीपुस्तिकाही जात नाही, आणि झडपेवरील चिठ्ठी उन्हाने फिकी पडलेली असते. जालना मार्गावरील एखाद्या प्रसूतिगृहातून बाळ पहिल्या प्रथम घरी निघते तेव्हा आईला टाके, दूध, लस यांविषयी सर्व काही मराठीत सांगितले जाते. मोटारीत कोठे बसावे हे सांगण्याची रीत अद्याप पडलेली नाही. ती प्रसूतिगृहांनी, अंगणवाड्यांनी आणि मोटार विकणाऱ्यांनी पाडावी. १९७४ चा इशारा अमेरिकेस १७ वर्षे उपयोगी पडला नाही, कारण तो निबंधातच राहिला. तोच इशारा आपल्या हाती अर्धशतकानंतर पूर्ण अनुभवासह आलेला आहे, आणि तो मराठीत सांगण्याचे काम आपले आहे.